दुरूचा ताप मतपेटीत

हॅलो? … हां निलाय, बोल. … हळू बोलतेय, कारण दुरू खांद्यावरच झोपलीय. खाली ठेवली की उठते. … ताप अजून आहे ग. अडतीसच्या वर. दुपारी उतरला होता, आता परत चढलाय. … नवरोबा गेलाय औषधाला, ओकताय. रविवार ना, पाळीनं औषधाचं एकच दुकान उघडं, तेही नदीपलीकडे. …

वाजले का पाच? पेटी बंद झाली? … बरं झालं तूच फोन केलास, मी लावणारच होते. निलाय, ऐक. तू आत्ता कुठे उभी आहेस? … मोजणीच्या टेबलाशी नको. बाहेर ये, शाळेच्या व्हरांड्यात. … कशाला ते सांगते ना, आधी ये. … आलीस? बाबा, आमचे सासरेबुवा, कुठे आहेत? … आत. चहा पिताहेत. त्यांच्या पक्षाचा बिल्ला लावून, ताठ बसून. हो, घरातून निघतानाच तसे ताठ होते.

माझ्याकडून एक घोळ झालाय.

… नाही नाही, शिक्का बरोबर जागी मारला. शाई दुसऱ्या बाजूला उमटू नये म्हणून फुंकर मारत बसले होते. बाहेर रांगेतली बाई म्हणाली, आत गेलेली पोरगी चहा करतेय की काय. … शिक्क्याचा नाही ग घोळ. चिठ्ठीचा.

… मुहतारच्या चिठ्ठीचा. मुअज्जेझ मावशीच्या. … हो, तीच ती. मला मोहल्ल्याची मुहतार, म्हणजे प्रमुख, करा म्हणून महिनाभर दारोदार स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या वाटत फिरत होती ना? आमच्याकडे मोजून तीन दिल्या. बाबांना एक, ओकतायला एक, मला एक. वर बजावलं, ही चिठ्ठी म्हणजेच मत, तिथे गर्दीत शोधत बसू नका, घरूनच खिशात घालून या. ओकतायनं स्वतःची लगेच पैशाच्या पाकिटात टाकली. बाबांची आणि माझी मी फ्रिजवर लावली, एका चुंबकाखाली, एकीवर एक. … तुमच्याकडेही फ्रिजवरच? सगळ्या मोहल्ल्याच्या फ्रिजवर मुअज्जेझ मावशी आहे मग.

आता ऐक ना. आज पहाटे दुरू तापली. एका हातात ती, दुसऱ्या हातात थर्मामीटर. लिहायला कागद हवा. हात फक्त फ्रिजपर्यंत पोचत होता. … हो. वरची चिठ्ठी ओढली आणि तिच्या पाठीवर लिहिलं. 'दुरू, ४.१०, ३८.७, अर्धा चमचा.' मग साडेपाचला पुन्हा, आणि परत वर चुंबकाखाली लावून टाकली. … लिहायलाच हवं का म्हणजे? मी सगळं लिहिते, तुला माहितीय. कितीदा ओली झाली तेही लिहिते. … हस तू. तुला झालं की कळेल.

मघाशी नर्सला फोन केला. ती म्हणाली, पहाटेपासूनचे आकडे सांगा. म्हटलं, थांबा हं, लिहून ठेवलेत. मोठ्या ऐटीत फ्रिजपाशी गेले. चुंबक आहे, कागद नाही. … कुठे असणार? दुपारी दोनला मत द्यायला निघाले तेव्हा तिथे एकच चिठ्ठी उरली होती. काखेत दुरू, खांद्याला तिची पिशवी, बूट घालून दारात उभी. हात लांब करून ओढली, खिशात कोंबली, शाळेत मताच्या पाकिटात घातली आणि पेटीत टाकली. उलटून पाहिलीसुद्धा नाही.

… होय. दुरूचा ताप मतपेटीत आहे.

… अगं चिठ्ठीवर लिहिलंय म्हणून मावशीचं एक मत बाद होईल, ते मी निस्तरीन. भरलेल्या द्राक्षपानांचं पातेलं नेऊन दिलं की तिचा राग जातो. तू जरा पुढचा विचार कर. पाकीट एकच ना? नगराध्यक्षाची मतपत्रिका, नगरसेवकांची, आणि मुहतारची चिठ्ठी, तिन्ही एकाच पाकिटात. मोजणीला बसलेले ते भूगोलाचे सर पाकीट उघडणार, एकेक कागद सगळ्यांसमोर धरून मोठ्यानं वाचणार. शेजारी बाबा. माझं अक्षर, वर नातीचं नाव. मग त्याच पाकिटातली नगराध्यक्षाची मतपत्रिका कुणाची आणि तिच्यावर शिक्का कुठे, हे त्यांना काय, शाळेच्या शिपायालाही कळेल.

… हो. … हो, तुमच्या पक्षाच्या बाईंना दिलं. … निलाय, व्हरांड्यात आहेस ना तू? हळू.

… हुरळून जाऊ नकोस. तुमच्यावर प्रेम उतू जातंय म्हणून नाही दिलं. तुमचं ते माहितीपत्रक मी दोनदा वाचलं, आणि मी शिकलेली आहे. तरी वाटलं की पुन्हा कॉलेजात परीक्षेला बसलेय. एवढे मोठे शब्द, आणि पाळणाघर कधी बांधणार ते कुठेच नाही. आणि पाच वर्षं कुठे होतात तुम्ही? मोहल्ल्यात तुमचं माणूस दिसतं ते निवडणूक आली की. पतंगासारखं. … तू आहेस इथे, पण तू निलाय आहेस. तू म्हणजे पक्ष नाही.

… बाईंचं वेगळं. सांगितलं नाही का तुला? त्या चालत आल्या होत्या. मी दुरूची गाडी घेऊन भाजीला निघालेले. त्या म्हणाल्या, द्या, मी ढकलते. आणि पदपथाच्या त्या तुटक्या कडेला चाक अडकलं. दोघींनी मिळून उचललं. त्यांनी भाषण नाही केलं, गुडघे टेकून चाक बघितलं. म्हणाल्या, हे रोज करता? म्हटलं, दिवसातून चारदा. गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या ना, ते मला आवडलं. … हो, चाकावर मत दिलं असं समज.

… सत्तेतल्यांचे? ते आलेले सोळा गाड्या घेऊन. गाण्यानं दुरू दचकून उठली. चहाची पुडी दिली, गुलाब दिला. मी पाळणाघराचं विचारलं तर म्हणाले, लेकरू आईजवळ असलेलंच बरं, नाही का वहिनी? आता मी काय बोलणार. लेकरू माझ्याजवळच आहे हो, पण माझी पदवी कपाटात आहे.

… तसं नको बोलूस. ते काहीच करत नाहीत हे खोटं. दुरू ज्या हॉस्पिटलात झाली ते त्यांनी बांधलं. माझ्या आईचा गुडघा तिथेच बदलला. बाबा सांगतात ना, त्यांच्या तरुणपणी या गल्लीत तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, आणि गॅससाठी रांगेत उभं राहून हात सुजायचे. मला म्हणतात, तू ती रांग पाहिली नाहीस पोरी. खरंच नाही पाहिली. पण निलाय, मी दुसरंही काही पाहिलं नाही ग. माझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून हेच. दुसरं कुणी कसं असतं ते बघायचं तरी एकदा. आवडलं नाही तर पाच वर्षांनी परत. नवऱ्यासारखं थोडंच आहे. … ओकतायला सांगू नकोस मी असं म्हटलं ते.

… रागावतील? रागावले तर परवडलं ग. बाबा रागावत नाहीत. ते गप्प होतात आणि गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायला जातात. सासूबाई गेल्या तेव्हा आठ दिवस गच्चीवरच होते. आणि बावीस वर्षं पक्षाचं काम केलंय त्यांनी. परवाच कचेरीत सांगून आले, आमच्या घरातली तीन मतं, तिन्ही आपली. मला विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही. चहा ओतत राहिले. … ती माझी चूक, माहितीय. पण चार लोकांत त्यांची मान खाली जायला नको. दुरू झाली तेव्हा पहाटे पहाटे माझ्यासाठी कढण करून आणणारा माणूस आहे तो.

आणि त्यांचा तो रक्तदाब. कालपासून चढलाय. … रोज मोजतात तर. सकाळी उठलं की हाताला पट्टा, आणि आकडा मिळेल त्या कागदावर. विजेच्या बिलावर लिहिलाय, माझ्या पाककृतींच्या वहीत लिहिलाय. मग चहाच्या दुकानात जाऊन सगळ्यांना वाचून दाखवायचा. … तुझ्या वडिलांनाही पाठ आहे? बघ.

काय? … सुरू केलं? … किती पाकिटं आहेत? … तीनशे बारा. … नाही, तू काहीही करायचं नाहीस. … चहा सांडायचा? कुणावर, सरांवर? निलाय, वेडी आहेस का. एका तापासाठी अख्खी पेटी ओली करशील. हात लावू नकोस कशाला. फक्त दारात उभी राहा आणि मला सांग. लांबून बघायला सगळ्यांनाच मुभा आहे ना? मग उभी राहा. फोन चालू ठेव. मी ओल्या फडक्यानं दुरूचं कपाळ पुसते, फोन इथे ओट्यावर ठेवतेय…

… हां, आले. किती झाली? … चाळीस. … कोण पुढे? … ते राहू दे, ते उद्या कळेलच. बाबा काय करताहेत? … मोजताहेत. बोटांवर. … हो, मतांच्या बाबतीत त्यांचा कागदावर विश्वास नाही.

… ओकताय? हो, त्याचा फोन आला मध्ये. दुकानात बारा माणसं पुढे आहेत म्हणाला. …

… आता किती? … एकशे तीस. काहीच नाही? कदाचित शाई पुसली गेली असेल. कदाचित पेन्सिलीनं लिहिलं असेल मी. … नाही, पेननंच. हिरव्या. मला आठवतंय.

… का थांबले? … निलाय? बोल ना. … काय म्हणाले सर? … 'या चिठ्ठीमागे काहीतरी लिहिलंय.'

झालं.

… वाचताहेत? मोठ्यानं? … 'दुरू, ४.१०…' हो. हो, तीच. पुढे अर्धा चमचाही वाचला? … सगळे हसले. हसू देत. बाबा कसे आहेत? तोंड बघ त्यांचं. … बोलले? काय बोलले? … 'माझ्या सुनेचं अक्षर आहे.' असं सगळ्यांसमोर? अरे देवा, बाबा. … आणि त्या पाकिटातली मतपत्रिका? बाहेर काढली? … कुणाची? … नीट बघ. … त्यांचीच? सत्तेतल्यांच्या खाली शिक्का?

… निलाय, असं कसं होईल? मी खोटं कशाला सांगू तुला? तुमच्या बाईंच्या नावाखाली मारला मी, दोन्ही डोळ्यांनी बघून. फुंकर मारली त्याच्यावर. … मिशीला पीळ देताहेत? … सगळ्यांना म्हणताहेत, बघा, शिकलेली सून, पण घर सोडलं नाही तिनं.

… थांब. मला विचार करू दे. … थांब ना ग.

बाबा सकाळी सातच्या आधी गेले. प्रतिनिधींना लवकर बोलावतात. ते मत देऊन मगच टेबलाशी बसले असणार. … हो ना? मग फ्रिजवर तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या होत्या. त्यांनी वरची ओढली. चष्मा न लावता, नेहमीसारखी. … म्हणजे ती माझी. तापाची. दुरूचा ताप मी नाही नेला निलाय, बाबांनी नेला. ते पाकीट बाबांचं होतं. म्हणून त्यात त्यांचा शिक्का.

… हो. सुटले. सुटले ग मी. खुर्चीवर बसते जरा. …

… काय म्हणालीस? … मग मी कुठली नेली? मी नेली खालची. बाबांची. …

निलाय.

बाबांनी सकाळी दाब मोजला होता. मी दुरूला भरवत होते, त्यांनी मला ओरडून सांगितला. पंधरा-नऊ, म्हणजे दीडशेवर नव्वद. आणि मग फ्रिजपाशी उभे राहून लिहीत होते. मला वाटलं कॅलेंडरवर. … कॅलेंडर मी आत्ता बघतेय. कॅलेंडर कोरं आहे. खालच्या चिठ्ठीचा कोपरा बाहेर डोकावत होता, त्याच्यावरच लिहिला असणार.

… हो. तेच म्हणतेय मी. अजून एक पाकीट यायचंय. त्यात बाबांच्या अक्षरात बाबांचा दाब आणि तुमच्या बाईंचा शिक्का. आणि तो दाब सगळ्या मोहल्ल्याला पाठ आहे.

… तू हसतेयस. … नको ना हसू, मलाही हसू येतंय आणि रडूही. त्यांच्या पक्षाचा तो जेमिल बसलाय ना तिथे, तो तासाभरात कचेरीत जाऊन बाबांचं सांगेल, रेम्झीकाका फुटले. बावीस वर्षांचं काम. मी स्वतःची लाज वाचवायला बसले होते आणि त्यांची घालवली.

… नाही, त्यांना बाहेर बोलावता येणार नाही. टेबल सोडणार नाहीत ते. घराला आग लागली तरी आधी मोजणी. … चिठ्ठी पाठवायची? आणखी एक चिठ्ठी? पुरे झाल्या चिठ्ठ्या.

… किती झाली? … दोनशे दहा. … दुरू घामेजलीय. थांब, कपाळ बघते. … हो, घाम आलाय. हे बरं असतं ना? … बरं असतं. हो.

… दोनशे साठ. … मावशी आली? दारात? तिला काय सांगितलंस? … 'रेम्झीकाकांच्या घरातलं एक मत तापानं गेलं.' तिला म्हणावं अजून एक जायचंय.

… बोल. … आली? … काय लिहिलंय? 'रविवार, १५-९.' … आणि शिक्का? … हो. तुमच्याच बाईंना. माहितीय मला.

… एकमेकांकडे बघताहेत? … मग हसले. … जेमिल काय म्हणाला? … 'काका, हे काय? घरची शिकलेली सून राहिली आपल्यात आणि तुम्ही गेलात?' … आणि बाबा? … चिठ्ठी हातात मागितली. चष्मा लावला. … वाचताहेत. किती वेळ? दोनच आकडे आहेत. … दुसरी चिठ्ठी पण मागितली? तापाची? … दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

त्यांना कळलं निलाय. त्यांना सगळं कळलं. फ्रिज, चुंबक, सगळं. आता ते सांगतील. सांगू देत. चिठ्ठ्या बदलल्या, ही सुनेची, एवढं म्हटलं की त्यांची बावीस वर्षं परत त्यांना मिळतात. हक्क आहे त्यांचा. मी काही बोलणार नाही.

… काय म्हणाले?

… परत सांग.

… 'दाब माझा आहे. मतही माझंच. पुढचं पाकीट उघडा.'

…

… आहे मी. ऐकू येतंय. … काही नाही, नाक पुसतेय. …

… आणि जेमिल? … बाबा त्याला काय म्हणाले? … 'पंधरा-नऊ झाला की माणूस काय काय करतो, तुझा झाला की सांग मला.' … असं म्हणाले? … आणि तुमच्या लोकांनी चहा दिला त्यांना? त्यांनी घेतला? … दोन साखरा टाकून. त्यांना साखर बंद केलीय डॉक्टरनं. … नाही, आज काही बोलू नकोस. पिऊ देत.

… संपली मोजणी? कोण… नाही, ते नंतर सांग. मावशीचं सांग. … आठ मतांनी पुढे? आमच्या घरातली दोन बाद होऊन? … म्हणतेय, रेम्झीच्या घराला पुढच्या वेळी चिठ्ठ्या नाही, दवाखाना देईन. बरं, म्हणावं. द्राक्षपानं उद्याच घेऊन येते.

… काय? … बाबा मागताहेत? फोन? निलाय, नको, मी काय बोलू… निलाय…

… हो बाबा. … हो, मीच, बेरिन. … आत्ताच लावलाय थर्मामीटर, थांबा. … सदतीस पॉइंट चार. … हो, उतरतोय. घाम आला तिला. … झोपलीय. … नाही, ओकताय अजून रांगेत आहे.

बाबा, मला तुम्हाला… ती चिठ्ठी म्हणजे… मी तुम्हाला आधीच सांगायला…

… बरं. … बरं बाबा, नाही बोलत.

… काय? … पाळणाघर? … हो, त्या दिवशी निघताना त्या बाईंनी तसं तोंडानं म्हटलं होतं. पत्रकात नाही. … निवडून आल्या तर सोमवारी सकाळी तुम्ही त्यांच्या दारात जाऊन उभे राहणार? … पण तुम्ही का… … हं. तुमचं मत आहे म्हणून. … हो, मत दिलेल्या माणसानं हिशोब मागायलाच हवा. … आणि नाही बांधलं तर? … मग मी आयुष्यभर ऐकून घ्यायचं. कबूल. रोज सकाळी, दाबाच्या आधी.

… तिळाचे सिमित-पाव आणताय? दोन आणा. दुरूला चघळायला एक. … चहा टाकते. … साखर? बघितलं मी, म्हणजे ऐकलं. दोन टाकल्यात तुम्ही. आता घरी बिनसाखरेचा.

… काय आणू म्हणता? … वह्या? … दोन. एक दाबाची, एक तापाची. … हो, वेगवेगळ्या रंगांच्या आणा. आणि फ्रिजवर नाही लावायच्या, कळलं. …

… हो बाबा. हळू या, पदपथाची कड तुटलीय तिथे. … माहितीय तुम्हाला. … दुरू उठली, ठेवते.